फावत नाही : वऱ्हाडी रॅप आणि बोलीचा ताल

(वाङ्मय मंडळाच्या अभ्यासवर्गात वाचलेल्या टिपणाचा विस्तार)

मंडळाच्या अभ्यासवर्गात या सत्रात प्रत्येकाने 'लोकसाहित्याचं आजचं रूप' या विषयावर एक टिपण वाचायचं होतं. कुणी भारूड घेतलं, कुणी जात्यावरची ओवी. मी म्हटलं, मी गावाकडचं रॅप घेते. वर्गात थोडा हशा झाला. सरांनी मात्र वहीत नाव लिहून घेतलं आणि एवढंच विचारलं, "ऐकलं आहेस, की नुसतं ऐकून आहेस?" खरं सांगायचं तर तेव्हा मी नुसतं ऐकूनच होते. मग दिवाळीच्या सुट्टीत घरी, म्हणजे बडोद्याला मांजलपुरात गेले, तेव्हा नीट ऐकलं. ते ऐकताना माझा स्वतःचाच एक जुना प्रश्न अर्धा सुटला. म्हणून हा लेख.

तो प्रश्न आधी सांगते. पहिल्या वर्षाला असताना एका आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धेत मी बोलले. बोलताना सहज तोंडातून गेलं, "हे आपल्या पिढीला फावत नाही." निकालानंतर परीक्षकांची चिठ्ठी मिळाली. त्यात लिहिलं होतं, "विचार चांगले, भाषा अशुद्ध, गुजराती शब्द टाळावेत." आमच्या घरी सगळेच 'फावतं', 'फावत नाही' म्हणतात. भाजीला 'शाक' म्हणतात. वाक्याच्या शेवटी 'ने' लावतात, "येशील ने?" तुळशीधाम चार रस्त्यावर रिक्षावाल्याशी गुजराती, घरात मराठी, आणि दोन्हींच्या मधे आमची ही बडोदेरी. त्या चिठ्ठीनंतर वर्षभर मी वर्गात कमी बोलले. बोललेच तर आधी मनात वाक्य धुऊन घ्यायचे.

आता विषयाकडे येऊ.

गावाकडचं रॅप : आधी थोडं अमेरिकेत

हिप-हॉपचा जन्म शहरातला. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात ११ ऑगस्ट १९७३ रोजी डीजे कूल हर्क याने वाजवलेली पार्टी ही त्याची जन्मतिथी मानतात. त्यामुळे रॅप म्हणजे गल्ली, पूल, लोकल, काँक्रीट असं आपल्या मनात बसलेलं असतं. पण अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या खेड्यांतली पोरंही रॅप ऐकतच होती. त्यांच्याकडे गिटार, बँजो आणि शेतावरच्या गाण्यांची परंपरा होती. तिला तिथे 'कंट्री' म्हणतात. दोन्ही जोडून जे झालं ते 'कंट्री रॅप'. जॉर्जिया राज्यातला कोल्ट फोर्ड हा त्यातला एक ठळक गायक. आधी तो व्यावसायिक गोल्फ खेळायचा. २००८ साली त्याचा पहिला अल्बम आला. पिकअप गाडी, कच्चा रस्ता, मासेमारी, हे त्याचे विषय.

पण या प्रकारातली सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट २०१९ची आहे. जॉर्जियातल्याच लिल नास एक्स नावाच्या मुलाने इंटरनेटवरून ३० डॉलरला एक तयार ठेका विकत घेतला. ठेका करणारा होता नेदरलँड्समधला एक तरुण. त्यावर मुलाने घोडा, टोपी आणि जुन्या रस्त्याचं गाणं केलं : 'ओल्ड टाउन रोड'. गाणं कंट्रीच्या यादीत चढलं. तेवढ्यात 'बिलबोर्ड'ने ते त्या यादीतून काढलं. कारण काय, तर त्यात आजच्या कंट्री संगीताचे घटक पुरेसे नाहीत. गायक कृष्णवर्णीय होता, त्यामुळे मोठा वाद झाला. मग जुना कंट्री गायक बिली रे सायरस याने सोबत गाऊन नवी आवृत्ती केली आणि मुख्य यादीत ते गाणं सलग १९ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. तेव्हा तो विक्रम होता.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. ज्या बँजोला गोऱ्या खेड्याचं वाद्य समजतात, त्याचं मूळ आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांकडे जातं. म्हणजे ज्यांनी वाद्य आणलं, त्यांच्याच वंशातल्या पोराला सांगितलं गेलं की हे तुझं नाही. 'तुझी भाषा यात बसत नाही' असं सांगणारी चिठ्ठी फक्त मलाच मिळाली होती असं नाही तर!

अमरावतीचा सौरभ

आपल्याकडे असं कोण, हे शोधताना मला सापडला सौरभ अभ्यंकर. रॅपच्या दुनियेत तो आपलं नाव आकड्यात लिहितो : '१००आरबीएच'. १०० म्हणजे हिंदीतले 'सौ', पुढे रोमन लिपीतली आर, बी, एच ही अक्षरं. जोडून वाचा, सौरभ. नावातच श्लेष आहे. श्लेष आपण अकरावीत अलंकार म्हणून पाठ केला होता. तो इथे एका पोराने सहीसारखा वापरला आहे.

सौरभ अमरावतीचा. मुंबई-पुण्याचा नाही, आणि हीच त्याच्या कारकिर्दीची पहिली अडचण आणि पहिली ताकद. मुंबईच्या 'स्वदेसी' या बहुभाषी रॅप-चमूत तो आला. या चमूत एमसी मवाली मराठी-हिंदीत, एमसी तोडफोड गुजरातीत असे वेगवेगळ्या भाषांतले आवाज. म्हणजे आत यायला 'मुंबईची भाषा' शिकून ये अशी अट नव्हती. त्याने आणली ती वऱ्हाडी वळणाची मराठी.

महाराष्ट्राबाहेर त्याचा आवाज पोहोचला तो १४ फेब्रुवारी २०१९ला आलेल्या 'गली बॉय' चित्रपटातून. त्यातलं 'इंडिया ९१' हे गाणं मृदंगवादक विवेक राजगोपालन यांच्या सोबतीने झालेलं आहे. कर्नाटक संगीतात तालाचे बोल तोंडाने म्हणायची जी पद्धत आहे, कोन्नकोल, ती त्यांनी रॅपला जोडली. 'ता धोम' नावाचा त्यांचा प्रकल्पच आहे. या एका गाण्यात मराठी, गुजराती, हिंदी, पंजाबी असे आवाज येतात. एक येतो आणि दुसऱ्याला जागा देतो, जसे गोंधळात दोन गोंधळी एकमेकांना देतात तशी. सौरभचं मराठी त्यात येतं तेव्हा ते कुणाची परवानगी मागत नाही.

त्याच्या शब्दांत जात येते, बाबासाहेब येतात, रोजचा अन्याय येतो. बडोद्याच्या माणसाला इथे थांबावंच लागतं. १९१७ साली परदेशात शिकून आलेले बाबासाहेब आमच्याच शहरात नोकरीला आले होते. त्यांना राहायला घर मिळालं नाही. पारशी धर्मशाळेतून त्यांना बाहेर काढलं गेलं. ते कमाटीबागेत झाडाखाली बसले आणि शहर सोडून गेले. त्या जागेला आज संकल्पभूमी म्हणतात. लहानपणी आम्ही त्या बागेत सहलीला जायचो, प्राणी बघायला. त्या झाडाचं आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. ते मला मोठेपणी, ही गाणी ऐकताना शोधून वाचावं लागलं. एखादं गाणं आपल्याच शहराचा पत्ता आपल्याला सांगतं, तेव्हा त्याला फक्त करमणूक म्हणता येत नाही.

मुद्दा तालाचा

अभ्यासवर्गात मला विचारलं गेलं, "बोलीत रॅप केलं म्हणजे विशेष काय? तेच प्रमाण भाषेत केलं असतं तर?" याचं उत्तर भावनेने देऊन चालणार नाही. मोजून देऊ.

रॅपची एक ओळ साधारणपणे चार ठोक्यांची असते. दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर टाळीसारखा आवाज येतो. अशा सोळा ओळी झाल्या की एक कडवं. आता मी स्वतः केलेली एक साधी ओळ घ्या. टाळी देत म्हणा :

मांजलपूरला | रिक्षा थांबली | पाऊस आला | छत्री नाही

शाळेत शिकवलेल्या नियमाने मात्रा मोजा. लघु एक, गुरू दोन, जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू. 'मांजलपूरला' ९, 'रिक्षा थांबली' ९, 'पाऊस आला' ९, 'छत्री नाही' ८. कागदावर ओळ बिघडलेली आहे. पण टाळी देऊन म्हटलंत तर कुठेही अडखळत नाही. असं का?

कारण तोंडाने आपण 'मांजलपूरला' म्हणत नाही, 'मां-जल्-पूर्-ला' म्हणतो. 'रिक्-षा-थांब्-ली', 'पा-ऊस्-आ-ला', 'छत्-री-ना-ही'. प्रत्येक तुकड्यात चार जड अक्षरं, म्हणजे आठ मात्रा. चारही तुकडे बरोबर. कागद ९ मोजतो, तोंड ८ मोजतं. रॅपमध्ये तोंडाचं मोजमाप खरं.

आता वऱ्हाडी शब्द घालू. 'कशासाठी' हा आपला प्रमाण शब्द. क-शा-सा-ठी, १+२+२+२, सात मात्रा. वऱ्हाडीत त्यासाठी आहे 'काहून'. तोंडाने का-हून्, दोनच जड अक्षरं, चार मात्रा. 'रिक्षा काहून' म्हणा : रिक्-षा-का-हून्. आठ. नेमकं बसलं. 'रिक्षा कशासाठी' म्हणा, अकरा होतात आणि टाळी चुकते.

'मुलगा' आणि 'पोट्टा' बघा. 'पोट्टा'त 'ट्ट' असा दुहेरी आघात आहे. ढोलकीवर थाप पडावी तसा तो ठोक्यावर पडतो. 'शाळा' वऱ्हाडीत 'शाया' होते, 'डोळा' 'डोया' होतो. 'ळ'ला जीभ वळवावी लागते, 'य' घसरत जातो. म्हणून वेगाने म्हणताना 'य' सोपा. 'करतो आहे'ऐवजी 'करून राह्यलो' म्हटलं की क्रियापद लांबतं, शेवटी 'लो' येतो आणि पुढच्या ओळीला यमक आयतं मिळतं : राह्यलो, आलो, गेलो, मेलो.

म्हणजे बोली हा वरून चढवलेला दागिना नव्हे. ते वाद्य आहे. सौरभने वऱ्हाडी सोडून पुस्तकी मराठीत रॅप केलं असतं, तर त्याला तबला सोडून टेबलावर वाजवावं लागलं असतं.

एक सावधगिरीही सांगते. कसलेला गायक सात मात्रांचा शब्द ओढून आठांत बसवतो, अकरांचा घाईने म्हणून टाकतो. म्हणजे प्रमाण मराठीत रॅप होतच नाही असं नाही. प्रमाण भाषेचे ताल वेगळे, इतकंच. कुठलीही बोली तालहीन नसते.

वाट जुनीच आहे

रॅप ही बाहेरून आलेली फॅशन आहे आणि गावाकडची पोरं तिची नक्कल करतात, असं म्हणणारे पुष्कळ. ठेका आणि यंत्रं बाहेरून आली हे खरंच. पण तालात, वेगाने, यमक मारत, समोरच्याला प्रश्न विचारत बोलणं बाहेरून आलेलं नाही. निदान वऱ्हाडात तरी नाही. चार नावं घेते.

पहिलं, अमृतराय. अठराव्या शतकातले कवी, मूळचे बुलढाण्याकडच्या साखरखेर्ड्याचे. त्यांचे 'कटाव' प्रसिद्ध आहेत. कटाव म्हणजे अनुप्रास आणि यमकांची झड लावत, ठेक्यावर, एका दमात म्हणायची रचना. व्याख्या वाचून बघा, रॅपची वाटेल.

दुसरं, गाडगेबाबा. जन्म १८७६, अमरावती जिल्ह्यातलं शेणगाव. त्यांच्या कीर्तनात ते वऱ्हाडीत लोकांना प्रश्न विचारत आणि लोक उत्तर देत. कर्ज काढून सण करावा का, देवाला बकरं कापावं का, पोराला शाळेत घालावं का. समोरची गर्दी म्हणजे श्रोता नव्हे, अर्धी कीर्तनकार. आज रॅपर मंचावरून हाक देतो आणि गर्दी परत देते, ती हीच रीत.

तिसरं, तुकडोजी महाराज. जन्म १९०९, अमरावती जिल्ह्यातलं यावली. हातात फक्त खंजिरी. एका खंजिरीवर गावच्या गाव जागं ठेवणारा हा माणूस. कमी साधनांत मोठा आवाज कसा काढायचा, याचा धडाच.

चौथं, सुरेश भट. जन्म १९३२, अमरावती शहर. त्यांनी मराठीला गझलेचा काफिया आणि रदीफ यांची शिस्त दिली. ओळीच्या शेवटी येणाऱ्या आघाताची वाट बघायला मराठी कान शिकला, त्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

सौरभने या चौघांना समोर ठेवून रॅप केलं असं मी म्हणत नाही. ही माझी मांडणी आहे. पण ज्या मातीत कटाव, प्रश्नांचं कीर्तन, खंजिरी आणि गझल पिकली, तिथे रॅप रुजलं तर नवल काय?

गुजराती तोडफोड आणि वारली आवाज

स्वदेसीतला जो आवाज मला, बडोद्याच्या मुलीला, सगळ्यात जवळचा वाटला तो एमसी तोडफोडचा. खरं नाव धर्मेश परमार. मराठी मुंबईत राहून तो गुजरातीत रॅप करायचा. मी गुजराती बडोद्यात राहून मराठी बोलते. आरशात बघावं तसं वाटलं. 'इंडिया ९१'मध्ये त्याची गुजराती आणि सौरभची मराठी एकाच गाण्यात आहेत, आणि कुणी कुणाला 'अशुद्ध' म्हणत नाही. गरब्याच्या टाळीवर वाढलेल्या माझ्या कानाला त्याचा ठेका लगेच कळला. मार्च २०२२मध्ये, अवघ्या २४व्या वर्षी तो गेला. त्याच महिन्यात त्याचा स्वतःचा अल्बम आला होता, 'ट्रुथ अँड बेस'. अर्ध्यावर थांबलेली कारकीर्द, पण गुजरातीतही हे होऊ शकतं हे दाखवून थांबलेली.

याच चमूने २०१९मध्ये 'द वारली रिव्होल्ट' हे गाणं केलं. त्यात आरेच्या जंगलातल्या पाड्यावर राहणारे आदिवासी कलावंत प्रकाश भोईर आहेत. विषय जंगल आणि जमीन. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतली दोन हजारांवर झाडं पडली. गाण्याच्या नावात जो उठाव आहे तो १९४५चा : तलासरी, डहाणू, उंबरगावकडच्या वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध केलेला. गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' आपल्या ग्रंथालयात आहे, जरूर वाचा. त्यातलं उंबरगाव १९६०नंतर गुजरातेत गेलं. राज्यांची सीमा बदलली, वारली बोली दोन्हीकडे राहिली. नकाशा काढताना बोलीला कुणी विचारत नाही.

गावाकडचं सगळंच रॅप असं लढाऊ असतं असं नाही. जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडचं 'गुलाबी साडी' २०२४ साली देशभर वाजलं. मांजलपुरात नवरात्रात आणि वरातीतही वाजलं, आणि शब्द न कळणारे गुजराती शेजारीही त्यावर नाचले. ते आनंदाचं गाणं आहे. त्यालाही जागा आहे. पण दोन्हींत एक गोष्ट समान : आधी मोठ्या शहरात जाऊन भाषा बदलायची, मग गायचं, हा क्रम या पोरांनी उलटा केला. ठेका नेटवर मिळतो, फोनवर ध्वनिमुद्रण होतं, गाणं थेट लोकांपर्यंत जातं. मधला तपासणारा गेला. त्याने चांगलंवाईट दोन्ही होतं, पण दार उघडलं हे नक्की.

आजी

आता मांजलपूरची गोष्ट. माझ्या आजीचं माहेर अचलपूरचं. लग्न होऊन ती बडोद्याला दांडिया बाजारातल्या घरी आली, आणि पुढे आम्ही सगळे मांजलपुरात. मी जन्मापासून तिला 'मला, तुला'च म्हणताना ऐकलं आहे. दिवाळीत मी हॉलमध्ये बसून फोनवर ही गाणी लावली होती, मात्रा मोजत होते, टाळ्या देत होते. आजी दाण्याचा कूट करत होती. मधेच ती हसली. मीही तिच्याकडे बघून हसले. ती म्हणाली, "काहून हसून राह्यली वं?"

मी फोन बंद केला. हे वाक्य मी तिच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं.

मग तिने सांगितलं. लग्न होऊन आली तेव्हा ती 'मले, तुले' म्हणायची. सासरी सगळे हसायचे. रागाने नाही, गमतीने. पण रोज. एकदा पाहुण्यांसमोर तिची नक्कल केली गेली. त्या दिवसापासून तिने ते सोडलं. "मग माहेरी गेल्यावर?" मी विचारलं. म्हणाली, "तिथे गेले की भाऊ म्हणायचे, ही बडोदेवाली झाली. मग तिथेही जपूनच बोलायचे." दोन्ही घरी जपून बोलणारी बाई! पन्नासएक वर्षं तिने एक अख्खी भाषा मनात बंद ठेवली होती, आणि आम्हा कुणालाच पत्ता नव्हता.

मी तिला माझी वही दाखवली. 'काहून' चार मात्रा, 'कशासाठी' सात. तिला मात्रांशी काही घेणं नव्हतं. तिने माझी यादी वाचली, दोन शब्द दुरुस्त केले, आणि त्या आठवड्यात मला चाळीसेक शब्द दिले. ते मी लिहून ठेवले आहेत. पुढच्या अंकात मंडळाने जागा दिली तर छापू.

लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' आपण अभ्यासक्रमात वाचलं. ते आजही ताजं का वाटतं, असा प्रश्न परीक्षेत येतो आणि आपण 'बोलकी शैली' असं उत्तर लिहितो. म्हणजे लिखाणात बोललेली भाषा आपल्याला आवडते. समोरचा बोलतो तेव्हा मात्र आपण हसतो. हे जरा तपासायला हवं.

चिठ्ठीला उत्तर

शेवटी त्या चिठ्ठीकडे. मोजमाप शिकल्यावर मी तो शब्दही मोजला. 'जमत नाही' : ज-मत्-ना-ही, १+२+२+२, सात. 'फावत नाही' : फा-वत्-ना-ही, चार जड अक्षरं, आठ. अगदी ठोक्यावर.

आणि दुसरी गंमत. शब्दकोश उघडला तर 'फावणे' मराठीतही आहेच. आपण 'फावला वेळ' म्हणतो, 'चोराला फावलं' म्हणतो. बडोद्यात गुजरातीच्या शेजाराने तो शब्द रोजच्या वापरात राहिला, पुण्या-मुंबईत तो दोन-चार वाक्प्रयोगांपुरता उरला. म्हणजे ज्याला परका म्हणून खूण केली, तो घरचाच होता. परीक्षकांचा मला राग नाही. त्यांनी जे ऐकलं होतं त्यावरून लिहिलं. पण मी वर्षभर गप्प बसले, ते मात्र चुकलं.

२०१८च्या फेब्रुवारीत ९१वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन बडोद्यात भरलं होतं. लक्ष्मीकांत देशमुख अध्यक्ष होते. मी तेव्हा शाळेत होते, बाबांचं बोट धरून पुस्तकांच्या गाळ्यांतून हिंडले होते. बडोद्याची मराठी म्हटलं की आपण सयाजीराव महाराज, ग्रंथमाला, संमेलनं सांगतो. ते सांगायलाच हवं. पण चार रस्त्यावर, जिन्यात, स्वयंपाकघरात बोलली जाणारी जी आहे, तीही बडोद्याचीच मराठी. तिच्यात अजून कुणी रॅप केलेलं मी ऐकलं नाही. केलं तर ठेका तयार आहे.

हे टिपण मी अभ्यासवर्गात वाचलं तेव्हा शेवटचं वाक्य लिहिलेलं नव्हतं. सर म्हणाले, "समारोप कर." माझ्या तोंडून गेलं, "सर, लिहून आणलेला समारोप मला फावत नाही." या वेळीही वर्ग हसला. मीही हसले, आणि बोलत राहिले.

स्वाध्याय

१. तुमच्या घरात बोलला जाणारा, पण वर्गात तुम्ही टाळता असा एक शब्द लिहा. त्याच्या मात्रा आधी कागदावर, मग टाळी देत तोंडाने मोजा. फरक पडतो का?

२. त्याच अर्थाचा प्रमाण शब्द घेऊन दोन्ही एकाच ओळीत घालून बघा. कुठला बसतो, कुठला ओढावा लागतो?

३. अमृतरायांचा एखादा कटाव ग्रंथालयातून मिळवा आणि मोठ्याने वाचा. दम कुठे घ्यावा लागतो त्या जागांवर खूण करा.

४. घरातल्या सर्वांत मोठ्या व्यक्तीला विचारा : "तुम्ही कुठली बोली बोलायचं सोडलंत, आणि का?" उत्तर तिच्याच शब्दांत लिहा, दुरुस्ती करू नका.